दीड म्हणजे एक पॉइंट पाच

मला अपूर्णांक माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीने शिकवले, असं आमच्या नात्यातले सगळे मानतात. लग्नकार्यात कुणी भेटलं की म्हणतात, बहीण असावी तर अशी. मी नुसती मान हलवते. खरं काय झालं ते सांगायला लागले की माझा आवाज चढतो, आणि मग तेच लोक म्हणतात, दोघी सारख्याच.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावात ती गणितातली हुशार मुलगी म्हणून माहीत होती. मास्तर तिला फळ्यापाशी उभं करून वरच्या वर्गातल्या मुलांना गणितं सोडवून दाखवायला लावायचे. सहा वर्षांनी त्याच फळ्यापाशी मी उभी राहिले, तेव्हा तेच मास्तर म्हणाले, "तू तिची बहीण होय?" माझ्या शाळेच्या सगळ्या वर्षांत मी हे वाक्य ऐकलं. दहावीला गणितात काठावर सुटले, बी.ए. केलं आणि अकोल्यात एका लहान मुलांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायला लागले. केसपेपर करायचा, बाळाचं वजन करून लिहायचं, नंबर पुकारायचे. तीन पॉइंट पंचवीस किलोचं बाळ तीन पॉइंट चारच्या बाळापेक्षा जड, असं मी कित्येक महिने धरून चालले होते. पंचवीस हे चारपेक्षा मोठे नाहीत का? कुणी विचारलं नाही, म्हणून कुणाला कळलंही नाही.

सरकारी भरतीची परीक्षा मी दोनदा दिली. मराठी, सामान्य ज्ञान चांगलं जायचं. अंकगणितात मात्र दोन्हीदा पडले. अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी, सगळं त्याच एका चिखलात रुतलेलं. वय सरत चाललं होतं. तेव्हा आईने मला न विचारता अमरावतीला ताईला फोन लावला. ताई तिथे तिच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये पाचवी ते आठवीचे गणिताचे क्लास घेत होती. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे तिचं उत्तर मी ऐकलं.

"पाठव," ती म्हणाली. "पण तोंड चालवायचं नाही म्हणा. माझ्याकडे शिस्त आहे."

मी दवाखान्यातून सुट्टी घेतली आणि गेले.

ताईचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवून तिने सतरंज्या अंथरल्या होत्या, समोर पांढरा बोर्ड. भाऊजी वनखात्यात, सेमाडोहला नोकरीवर, ते शनिवारी यायचे. मुलगा नागपूरला शिकायला. घरात आम्ही दोघीच. पहिल्याच सकाळी मी चहाचा कप खाली ठेवायच्या आत तिने मला एक कागद दिला. "सोडव." मी सोडवला. तिने लाल पेनाने तो तपासला, खाली गुण लिहिले आणि म्हणाली, "पाचवीपासून करावं लागेल. साडेचारच्या बॅचला बस."

मला वाटलं, ती गंमत करते आहे.

साडेचारला पोरं आली. दहा-अकरा वर्षांची, शाळेच्या कपड्यातच, कुणाच्या हातात अजून बिस्किटाचा पुडा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ताईने बोट दाखवलं. "मागे बस. सतरंजीवर." मग पोरांकडे वळून एकदम पुण्याच्या बाईसारख्या आवाजात म्हणाली, "मुलांनो, ही आपल्याकडची नवीन ॲडमिशन." पोरं हसली. मी एकोणतीस वर्षांची बाई, मांडी घालून त्यांच्या मागे बसले. समोर दोन वेण्या घातलेली एक मुलगी होती. तिने वळून मला पेन्सिल दिली. तिला वाटलं असेल, नवीन आहे, आणली नसेल.

पोरांच्या पालकांशी, पोरांशी ताई प्रमाण भाषेत बोलायची. "मला सांगा", "तुम्हाला कळलं का". माझ्याशीही सगळ्यांसमोर तसंच. राग आला की मात्र तिचं सगळं तेल्हारं बाहेर पडायचं. ते मी पुढे ऐकलं.

मी आले त्या आठवड्यातच एकदा वर्गात ती म्हणाली, "मी शब्दात सांगते, तुम्ही दशांशात लिहायचं. दीड. सव्वादोन. पावणेचार."

मी पटापट लिहिलं. बऱ्याच दिवसांनी एखादी गोष्ट येत होती, म्हणून बरंही वाटलं. १.३०, २.१५, ३.४५.

ताई फिरत फिरत मागे आली. माझी वही उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "हे बघा. मॅडम घड्याळ लावून आल्यात." मग ती हसली. मोठ्याने, मान मागे टाकून, लहानपणी हसायची तशी. पोरं आधी गप्प होती, मॅम हसतात म्हटल्यावर तीही हसली. दोन वेण्यांची मुलगी हसली नाही. ती वाकून स्वतःच्या वहीत काहीतरी जोरजोरात खोडत होती. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. तिनेही दीड म्हणजे एक पॉइंट तीसच लिहिलं होतं. तिच्या शेजारच्या मुलानेही.

"पाव म्हणजे पंचवीस, अर्धा म्हणजे पन्नास, पाऊण म्हणजे पंचाहत्तर. पाठ करा," ताई म्हणाली आणि पुढे गेली.

रात्रीच्या भाजीसाठी मी वांगी खटाखटा चिरत होते. अपमानाने नव्हे, त्याची सवय होती. मला राग आला होता, कारण वांगी चिरता चिरता मला ते आपोआप कळलं होतं. घड्याळ तासाचे साठ भाग करतं. साठाचा अर्धा तीस, म्हणून दीड वाजले की आपण १.३० लिहितो. पॉइंटच्या पुढे मात्र एकाचे दहा भाग असतात, मग शंभर. दहाचा अर्धा पाच, शंभराचा अर्धा पन्नास. म्हणून दीड म्हणजे १.५, आणि १.५० म्हटलं तरी तेच. तीन पॉइंट चार म्हणजे तीन पॉइंट चाळीस, मग ते बाळ पंचवीसवाल्यापेक्षा जडच असणार. एवढंच होतं. घड्याळ आणि दशांश या दोन वेगळ्या वाटण्या आहेत आणि दोन्हींत तोच ठिपका वापरतात, हे एक वाक्य मला माझ्या सगळ्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. ताईनेही नाही. तिला माझी चूक कुठून आली ते हसता हसता दिसलं होतं, ती स्वतः 'घड्याळ' म्हणाली होती. तिथेच थांबून पोरांना सांगायला तिला अर्धं मिनिट लागलं असतं. तिने ते हसण्यात घालवलं.

तोंड चालवणार नाही, असा आईला शब्द दिला होता. सकाळी उठून मी स्वयंपाक करायचे, भांडी घासायचे, दुपारी ताईने दिलेली गणितं करायचे, साडेचारला सतरंजीवर. ती माझ्या पोळ्यांना नावं ठेवायची, मी तिच्या हॉलमधल्या प्लॅस्टिकच्या फुलांकडे बघत राहायचे. जेवताना टीव्ही चालू असायचा, म्हणून बोलावं लागत नसे.

मग अपूर्णांकांचा भागाकार आला. ताईने बोर्डावर लिहिलं, ३ भागिले १/२. "दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. तीन गुणिले दोन. उत्तर सहा. पुढचं."

मी हात वर केला. "भागल्यावर वाढलं कसं?"

"काय?"

"तीनला भागलं तर तीनापेक्षा कमी यायला पाहिजे. सहा कसे आले?"

"नियम आहे तो."

"पण काहून?"

माझ्या तोंडून 'का'ऐवजी गावचं 'काहून' गेलं आणि पोरं खुसखुसली. ताईचा चेहरा बदलला. "परीक्षेत काहून विचारत नाहीत," ती म्हणाली. "उत्तर विचारतात. उलटा करायचा नि गुणायचं. कळलं?"

"नाही कळलं."

हे मी मुद्दाम म्हटलं, हेही खरं. नियम मला कळला होता. पण वर्गातल्या प्रत्येक पोराच्या तोंडावर तोच प्रश्न होता आणि विचारायची हिंमत कुणाची नव्हती.

"उभी राहा," ताई म्हणाली.

मला आधी समजलंच नाही.

"उभी राहा. क्लास संपेपर्यंत."

मी उभी राहिले. का राहिले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. चप्पल घालून खाली उतरता आलं असतं. पण पोरं बघत होती, आणि मला वाटलं, मी निघून गेले तर त्यांना एवढंच कळेल की प्रश्न विचारला की घर सोडावं लागतं. मी भिंतीला न टेकता उभी राहिले. ताईने त्या दिवशी वर्ग नेहमीपेक्षा लांबवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाताला तांदूळ घेत होते. आम्हा दोघींना दुपार-रात्रीला मिळून तीन वाट्या. मोठी वाटी खरकट्यात पडली होती, म्हणून मी लहान घेतली, तिच्या अर्ध्या मापाची. एक, दोन, तीन. सहा वेळा घेतली तेव्हा तांदूळ पुरले. मी डबा मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. तीन भागिले अर्धा म्हणजे तीनमध्ये अर्धा किती वेळा बसतो. सहा वेळा. माप लहान केलं की जास्त वेळा घ्यावं लागतं, म्हणून उत्तर वाढतं. मी आजवर भागाकार म्हणजे फक्त वाटप समजत होते, तीन भाकरी अर्ध्या माणसाला कशा वाटणार म्हणून अडकत होते. भागाकाराला दुसराही अर्थ असतो, मोजण्याचा.

ताई पोहे खात होती. मी तिला सांगितलं.

"एवढं तर सगळ्यांना माहीत असतं," ती म्हणाली.

"मग काल काहून नाही सांगितलं?"

"पोर्शन संपवायचा असतो. एकेकीच्या डोक्यात उतरवत बसायला वेळ नसतो."

तिने ताटली उचलली आणि बेसिनपाशी गेली. तिला ते आधी माहीत होतं की माझ्याकडूनच ऐकलं, हे मला आजही माहीत नाही. मी तिची पाठ पाहत होते. पाठीवरून काही कळलं नाही.

त्या आठवड्यात एका दुपारी ताई बाजारात गेली होती. दोन वेण्यांची मुलगी लवकर आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, ते सहा कसे येतात ते तुम्हाला कळलं का?"

मी तिला स्वयंपाकघरात घेतलं. दोन वाट्या, परातीत तांदूळ. तिने स्वतः मोजलं. मग म्हणाली, "पाव वाटी घेतली असती तर बारा वेळा." मी तिला हे सांगितलं नव्हतं. तेवढ्यात आणखी दोघं आली, मग चौघं. एक मुलगा म्हणाला, शून्य पॉइंट पस्तीस हे शून्य पॉइंट चारपेक्षा मोठे. मी म्हटलं, मलाही तसंच वाटायचं. मी त्याला कागदावर चौकोन काढून त्याच्या दहा पट्ट्या करायला लावल्या, मग प्रत्येक पट्टीचे दहा तुकडे. चार पट्ट्या एका रंगाने, पस्तीस तुकडे दुसऱ्याने. तो रंगवता रंगवता मधेच थांबला आणि म्हणाला, "अरे, हे तर कमीच पडतात."

दार उघडलं. ताई हातात पिशव्या घेऊन उभी. स्वयंपाकघरात पोरं, फरशीवर तांदूळ, वाट्या, रंगपेटी.

"हॉलमध्ये बसा," ती पोरांना गोड आवाजात म्हणाली. तिने पूर्ण वर्ग घेतला. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. शेवटचं पोर जिना उतरल्यावर तिने दार लावलं.

"माहा क्लास खाऊन राहिली तू," ती म्हणाली.

"पोरं विचारत होती."

"मले विचारायचं त्यायनं. तुले काहून विचारतात? तू कोण हायेस? दहावीले काठावर पास झालेली बाई माह्या घरात बसून माह्या पोराइले गणित शिकवते."

"तुले विचारलं की तू उभं करतेस."

"मग? शिस्त नाई लागत?"

तेव्हा मी ते बोलले. कितीतरी वर्षं ते माझ्यात तयार होत असणार, कारण एकही शब्द शोधावा लागला नाही. "तुले उत्तरं येतात, ताई. गणित नाई येत."

तिने हातातली पिशवी ओट्यावर ठेवली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती हळू बोलली, ते जास्त वाईट होतं.

"तू चौथीत नापास झालीस तेव्हा मार कोणाले पडला, मालूम हाय तुले? मले पडला. बाबा म्हणे, तू घरात असून इले येत नाई म्हणजे तू शिकवून नाई राहिली. दर परीक्षेले. तुये मार्क आले की मी गोठ्यात लपून बसत होती. आन् तू आईच्या मांडीवर."

मला हे माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. बाबा माझ्यावर कधी हात उचलत नसत, मी धाकटी म्हणून, असं मी समजत होते.

इथे लोकांना वाटतं की मी रडले असेन, तिला जवळ घेतलं असेल. तसं काही झालं नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बाबांचं उसनं ही माझ्याकडून वसूल करते आहे. दुसरा विचार, की मारलं बाबांनी, मग उभं मला का केलं. मी हे दोन्ही तिला सांगितलं. ती म्हणाली, "निघ." मी म्हटलं, "सकाळी जाते." जेवणं झाली नाहीत.

सकाळी मी बडनेऱ्याला रिक्षाने गेले आणि अकोल्याची गाडी धरली. ताई खोलीतून बाहेर आली नाही. मुर्तिजापूर येईपर्यंत मी तिला मनातल्या मनात बोलत होते, आणि प्रत्येक वेळी माझंच बरोबर निघत होतं.

पुढच्या परीक्षेत मी पुन्हा पडले. हे सांगायला मला आवडत नाही. प्रत्येक गणित मला समजत होतं. प्रत्येकाचा अर्थ मी डोळ्यांसमोर आणत होते, मापं लावत होते, पट्ट्या पाडत होते, आणि घंटा झाली तेव्हा कितीतरी प्रश्न कोरे होते. केंद्राच्या बाहेर चिंचेच्या झाडाखाली उभी राहून मला कबूल करावं लागलं, की परीक्षेत काहून विचारत नाहीत हे ताईचं बरोबर होतं. त्याचाही मला तिचाच राग आला.

त्यानंतर मी वर्षभर दवाखान्यातून आल्यावर तिच्या पद्धतीने सराव केला. उलटा करायचा, गुणायचं. पाव पंचवीस, अर्धा पन्नास, पाऊण पंचाहत्तर. मोबाइलवर वेळ लावून. फरक एवढाच, की उत्तर वेडंवाकडं आलं तर आता मला ते दिसायचं. एकाला पाऊणने भागून पाऊण आलं, तर हात थांबायचा, कारण एकात पाऊण एकदा तर पुरा बसतोच आणि वर थोडं उरतं. हे ताईने शिकवलं नव्हतं. वेग मात्र तिचा होता. चौथ्याही वेळी नापास झाले असते तर सगळा दोष तिच्यावर टाकता आला असता. तसं झालं नाही. माझं नाव यादीत लागलं आणि मला तिवशाला एका सरकारी कचेरीत कारकुनाची नेमणूक मिळाली.

गावी आईने सत्यनारायण घातला. ताई आली, हिरवी साडी, हातात पेढ्यांचा बॉक्स. प्रसाद वाटताना ती मावशीला, काकूला, शेजारच्या वहिनींना सांगत होती, "पाचवीच्या पोरांत बसवलं मी हिला. कुणाला लाज वाटली असती. पण पाया कच्चा होता, काय करणार." बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. मी द्रोण भरत होते. बाबा ओसरीवर बसले होते, आता थकलेले, त्यांना काही ऐकू जात नव्हतं. ताईने त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि त्यांच्या पाया पडली. मी तिच्याकडे बघत राहिले. तिने मान वर केली तेव्हा आमची नजर भेटली. दोघींपैकी कुणी हसलं नाही.

मी आता तिवशात खोली करून राहते. शनिवारी गावी जाताना अमरावतीला बस बदलावी लागते. ताईचं घर स्टँडपासून रिक्षाने जवळ आहे. मी कधी गेले नाही.

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. माझ्या नोकरीनंतरचा पहिलाच. खोकत होती. आवाज बसला होता.

"पाचवीचे अपूर्णांक सुरू करायचेत," ती म्हणाली. "डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय. तुला रविवारी सुट्टी असते ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चार रविवार. तू घे. तुझ्या पद्धतीने घे."

हे शेवटचं वाक्य म्हणणं तिला किती जड गेलं असेल, ते मला ठाऊक होतं. मी तिची बहीण आहे. मी ते वाक्य पुरतं ऐकलं, आणि म्हटलं, "नाही जमणार."

"बरं," ती म्हणाली. फोन ठेवला.

दोन दिवस मला फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्या पोरांचा विचार आला, जी आता सतरंजीवर बसून दीड म्हणजे एक पॉइंट तीस लिहीत असतील. मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. आईला कळल्यावर ती म्हणाली, सख्ख्या बहिणी तुम्ही, किती दिवस असं. मी म्हटलं, मले नाई माहीत.